आईच्या गोळ्या, एक व्हिडिओ आणि किडनीची भीती

दिवाळीला कराडला गेले होते. आईच्या कपाटात जुना टॉवेल शोधत होते तर साड्यांच्या मागे एक प्लास्टिकची पिशवी हाताला लागली, उघडून बघितली तर शुगरच्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स. पंधरा स्ट्रिप्स, वीस-वीस गोळ्यांच्या, एकही गोळी फोडलेली नाही. म्हणजे अण्णा दर महिन्याला मेडिकलमधून गोळ्या आणत होते, आई त्या हातात घेत होती, आणि नीट घडी घालून पिशवीत ठेवत होती. पाच महिने.

मी तिथंच खाली बसले. आई स्वयंपाकघरात चकल्या तळत होती, तिला हाक मारली, ती आली, पिशवी बघितली आणि काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "अगं, त्या गोळ्यांनी किडनी जाती."

कुणी सांगितलं? तर व्हिडिओत. कुठला व्हिडिओ? बहिणींच्या ग्रुपवर आलेला. पांढरा कोट घातलेला, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला माणूस, शुद्ध मराठीत, अगदी समजावून सांगतोय की शुगरच्या गोळ्या म्हणजे किडनीला हळूहळू दिलेलं विष, आणि खाली एका भुकटीची जाहिरात, महिन्याला अठराशे रुपये. आईने ती मागवली पण होती. सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस, दुपारी भुकटी, रात्री दालचिनीचं पाणी. आणि हे सगळं ती इतक्या शिस्तीत करत होती की मला रागवायला जागाच सापडेना.

दुसऱ्या दिवशी लॅबवाला पोरगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, मार्चमध्ये ७.१ होती ती १०.४ आली.

मला हे सगळं लिहायचंय कारण त्यानंतरचे दोन-तीन महिने मी रात्री-रात्री इंटरनेटवर फक्त हेच वाचत होते, आणि त्यातून मला जे सापडलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. मी डॉक्टर नाही, पुण्यात एका ऑफिसात अकाउंट्स बघते. हे एका मुलीने आईसाठी शोधलेलं आहे, औषधाचा सल्ला म्हणून कृपया घेऊ नका.

आधी आईबद्दल सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की एक साधी बाई, फसली बिचारी. माझी आई अंगणवाडी सेविका होती, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाली. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा तिच्याकडच्या एका वस्तीवर लोक दारं लावून घ्यायचे, का तर डोस पाजला की पुढे पोरं होत नाहीत अशी आवई उठलेली. आई तेव्हा माझ्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन त्या वस्तीवर गेली आणि सगळ्यांसमोर आधी त्याच्या तोंडात दोन थेंब टाकले, मग म्हणाली आता तुमच्या पोरांना आणा. भारतातली पोलिओची शेवटची केस जानेवारी २०११ मधली, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा आईने घरी शिरा केला होता. तर अशी बाई. अफवा म्हणजे काय, ती कशी पसरते, तिला उत्तर कसं द्यायचं हे जिने तीस वर्षं केलं तिने गोळ्या बंद केल्या. का?

कारण समोरच्या घरातल्या काकू. काकूंना बारा-तेरा वर्षं शुगर, त्यांना आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. आणि त्या पण शुगरच्या गोळ्या घ्यायच्या. आईने हे डोळ्यांनी बघितलं होतं, रिक्षातून उतरताना काकूंना धरून आत नेणारी आईच असायची. मग तो व्हिडिओ आला आणि आईच्या मनात जो प्रश्न आधीच होता त्याला त्याने उत्तर दिलं. ती डॉक्टरांना विचारणार होती, पण तिथं बाहेर पन्नास माणसं बसलेली, आत गेलं की दोन मिनिटांत "शुगर वाढलीय, गोड कमी करा, पुढच्या महिन्यात या", आणि मागचा पेशंट दारात उभा. तिने विचारलंच नाही. मला पण विचारलं नाही, कारण मी रागावले असते, आणि खरं सांगायचं तर रागावलेच असते.

तर माझं पहिलं सर्चिंग. दिवाळीच्या त्याच रात्री मी मोबाईलवर मराठीत टाईप केलं, शुगरच्या गोळ्यांनी किडनी खराब होते का. आलं काय? दहा घरगुती उपाय. या पाच गोष्टी खा आणि मधुमेह मुळापासून घालवा. न्यूज पोर्टलचे लेख, एकाच लेखाची दहा रूपं, वर जांभळाच्या बियांचा फोटो, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात "वरील माहिती सामान्य माहितीवर आधारित आहे, आम्ही याची पुष्टी करत नाही, तज्ज्ञांचा सल्ला घ्या." ही ओळ आता मी सगळ्यात आधी शोधते. ज्याने लेख छापला तोच खाली लिहितोय की आम्हाला हे खरं आहे का माहीत नाही, मग तो लेख मी माझ्या आईला का वाचून दाखवू?

तिथून पुढे माझ्या हे लक्षात आलं की प्रश्नच चुकीचा टाकतेय. "शुगरच्या गोळ्या" असं काही औषध नसतं. स्ट्रिप उलटी करून बघा, कंपनीने दिलेलं मोठं नाव असतं आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. आईच्या स्ट्रिपवर होतं मेटफॉर्मिन. हे नाव इंग्रजीत टाकलं आणि त्याच्यापुढे एनएचएस जोडलं, एनएचएस म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा, तर चित्रच बदललं. साधं इंग्रजी, छोटी वाक्यं, हे औषध कशासाठी, कुणी घेऊ नये, त्रास काय होऊ शकतात, कधी डॉक्टरकडे जा, आणि पानाच्या शेवटी हे पान शेवटचं कधी तपासलं आणि पुढच्या वेळी कधी तपासणार याच्या तारखा. काही विकायला नाही, कारल्याची पावडर नाही, "आजच ऑर्डर करा" नाही. तसंच दुसरं मेडलाइनप्लस, ते अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं, १९९८ पासून चालू आहे, तिथं औषधांची वेगळी पानं, तपासण्यांची वेगळी पानं. लॅबच्या रिपोर्टवरचा कुठलाही शब्द अडला तर मी आता आधी तिथं जाते.

आणि तिथं मला आईच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, जे "हो" पण नव्हतं आणि नुसतं "नाही" पण नव्हतं, म्हणूनच मला ते नीट सांगावंसं वाटतं.

मेटफॉर्मिनने किडनी खराब होत नाही. पण किडनी आधीच बरीच खराब झालेली असेल तर मेटफॉर्मिन शरीराबाहेर नीट पडत नाही, रक्तात साठतं, आणि त्यातून क्वचित पण गंभीर त्रास होऊ शकतो, लॅक्टिक ॲसिडोसिस म्हणतात त्याला. म्हणून डॉक्टर किडनीची टेस्ट करतात, रिपोर्टमध्ये ईजीएफआर असा किडनी किती चांगलं काम करते ते सांगणारा एक आकडा असतो, तो ३० च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन बंद करतात, ३० ते ४५ मध्ये असेल तर नव्याने सुरू करत नाहीत. आता हे बाहेरून कसं दिसतं बघा. काकूंना शुगर, काकू गोळी घेतात, काकूंची किडनी बिघडते, डॉक्टर म्हणतात ही गोळी आता बंद. बघणाऱ्याला काय वाटणार? गोळीनेच किडनी गेली, म्हणून तर बंद केली! मला पण असंच वाटलं असतं. प्रत्यक्षात काकूंची किडनी बिघडण्यामागे बहुतेक बारा वर्षांची वर-खाली होणारी शुगर आणि बीपी असणार, आणि गोळी बंद केली ती किडनी बिघडली म्हणून. आधी काय आणि नंतर काय हा क्रम उलटा झाला की संपूर्ण गोष्टच उलटी होते.

व्हिडिओवाला सगळंच खोटं बोलत नव्हता. मेटफॉर्मिन आणि किडनी यांचा संबंध आहे, औषधाच्या माहितीपत्रकात किडनीबद्दल सूचना छापलेली आहे, ती त्याने कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. पाव भाग खरं घेऊन त्यावर पाऊण भाग खोटं रचलं, आणि जे खरं होतं त्याच्या जोरावर ते खोटं आईच्या गळी उतरलं. धादांत खोटं माझ्या आईने एका मिनिटात ओळखलं असतं.

आणि दुसरी बाजू, शुगर आटोक्यात ठेवल्याने किडनी वाचते का, याच्यावर ब्रिटनमध्ये एक फार मोठा अभ्यास झालाय. १९७७ मध्ये सुरू झाला, वीस वर्षं चालला, नुकताच मधुमेह झालेले ५,१०२ लोक त्यात होते, १९९८ मध्ये निकाल आले. ज्यांची शुगर औषधांनी जास्त काटेकोर ठेवली त्यांच्यात डोळे, किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास साधारण पाव हिश्शाने कमी झाले. म्हणजे किडनी वाचवायची म्हणून आईने जी गोष्ट सोडली तीच खरंतर किडनी वाचवणारी होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण हे सगळं इंग्रजीत. आईला कसं दाखवायचं? मी नुसतं तोंडाने सांगितलं तर ती म्हणणार तू कुठं डॉक्टर आहेस, व्हिडिओत तर डॉक्टर होता. मग शोधता शोधता राजकोटच्या डॉ. संजय पंड्यांची किडनी एज्युकेशन नावाची वेबसाइट सापडली. ते स्वतः किडनीचे डॉक्टर, आणि त्यांनी किडनीवरचं आख्खं पुस्तक कितीतरी भाषांमध्ये फुकट ठेवलंय, मराठीत पण. मी डाऊनलोड केलं, मधुमेह आणि किडनीचा भाग प्रिंट काढला, मोठ्या अक्षरात, आणि आईच्या हातात दिला. मी वाचून दाखवला नाही. तिला तिचं तिचं वाचू दिलं. ती चष्मा लावून दुपारभर वाचत होती, पेन्सिलीने खुणा करत, अंगणवाडीच्या ट्रेनिंगचं पुस्तक वाचायची तशी. मराठीत अजून डॉ. शाम अष्टेकरांची आरोग्यविद्या ही साइट आहे, ती पण चांगली आहे, गावात राहणाऱ्या माणसाला समोर ठेवून लिहिलेली. पण मोजून चार-पाच जागा, बस. इतक्या कोटी लोकांच्या भाषेत औषधांची साधी, तारीख टाकलेली, काहीही न विकणारी माहिती एका जागी मिळत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. इंग्रजी येतं त्याला खरं सापडतं आणि मराठीच येतं त्याला जांभळाच्या बिया सापडतात, हे बरोबर नाही.

आता कारलं. आई गोळ्यांना तयार झाली पण कारलं सोडायला तयार नव्हती, आणि तिचं म्हणणं होतं की कारल्यावर तर संशोधन झालंय, पेपरात आलेलं. खरं आहे, झालंय. पण कशावर? बरंचसं उंदरांवर. उंदराची शुगर उतरली म्हणजे कराडच्या सदुसष्ट वर्षांच्या बाईची उतरेल असं नाही. पेपरात "संशोधनात सिद्ध" असं वाचलं की मी आता आधी बघते की माणसांवर झालंय का, किती माणसांवर, किती दिवस, आणि ज्यांना दिलं नाही त्यांच्याशी तुलना केली का. हे सगळं स्वतः करायची गरज नाही, त्यासाठी कॉक्रेन नावाची संस्था आहे, १९९३ मध्ये सुरू झालेली. एखाद्या प्रश्नावर जगभर जेवढे नीट केलेले प्रयोग असतील ते सगळे गोळा करून, चाळून, एकत्र मिळून ते काय सांगतात हे ती लिहिते, आणि प्रत्येक अहवालाच्या सुरुवातीला साध्या भाषेतला सारांश असतो जो कुणीही फुकट वाचू शकतं. तिथं कारल्यावर २०१२ चा अहवाल आहे. माणसांवरचे फक्त चार नीट प्रयोग सापडले, मिळून ४७९ लोक, जास्तीत जास्त तीन महिने. निष्कर्ष काय तर कारल्याने मधुमेहात फायदा होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. दालचिनीचं पण तेच, दहा प्रयोग, ५७७ लोक, पुरेसा पुरावा नाही.

पुरावा नाही म्हणजे कारलं वाईट असं नाही बरं का. आईच्या हातची भरली कारली मी आयुष्यभर खाणार आहे. पण भाजी म्हणून. गोळीच्या जागी नाही. आईला हे असं सांगितलं तेव्हा ती पटकन समजली, तिने कुपोषित पोरांचं वजन केलंय दर महिन्याला, मोजल्याशिवाय म्हणायचं नाही की पोरगं सुधारलं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

भुकटीचं प्रकरण मात्र वेगळं, त्याच्यावर मी आजही चिडलेली आहे. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, १९५४ चा कायदा आहे, औषधे व जादुई उपाय कायदा, त्याच्या यादीत मधुमेह आहे, कॅन्सर आहे, बरंच काही आहे. म्हणजे एखादी जाहिरात "मधुमेह मुळापासून घालवा" म्हणते तिथंच ती कायदा मोडतेय, पुढचं ऐकायचीच गरज नाही. डब्यावर आत काय आहे ते धड लिहिलेलं नव्हतं. अमेरिकेत २००८ साली एक अभ्यास छापून आला होता, इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. किडनी वाचवायला म्हणून आई जे खात होती त्यात काय होतं हे मला कधीच कळणार नाही. डबा आम्ही डॉक्टरांना दाखवला आणि टाकला.

आणि तो पांढरा कोट? त्याने व्हिडिओत नाव सांगितलं होतं. डॉक्टर नोंदणीकृत आहे की नाही हे घरबसल्या बघता येतं हे मला माहीतच नव्हतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर नाव टाकून शोधता येतं, देशभराचं रजिस्टर नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर आहे. या माणसाचं नाव दोन्हीकडे नाही. हल्ली तर अजून पुढची पायरी आलीय, डॉ. देवी शेट्टी, डॉ. नरेश त्रेहान अशा खरोखरच्या नामवंत डॉक्टरांचा चेहरा आणि आवाज वापरून बनवलेले खोटे व्हिडिओ फिरलेत, ज्यात ते कुठलंतरी औषध विकताना दिसतात. तेव्हा चेहरा ओळखीचा आहे यावर पण जाऊ नका, तो डॉक्टर जिथं काम करतो त्या हॉस्पिटलच्या स्वतःच्या पानावर तेच लिहिलंय का बघा.

इथपर्यंत वाचून काहीजण म्हणतील ही आयुर्वेदाच्या विरोधात आहे. नाही. आमच्या घरी ओवा, सुंठ, हळद सगळं चालतं. पण गुळवेलीची गोष्ट सांगते. कोविडच्या काळात आमच्याकडे रोज गुळवेलीचा काढा, दारातच वेल आहे. इम्युनिटी वाढते म्हणून सगळं गाव पीत होतं. २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी सहा पेशंट छापले, गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले. लगेच आयुष मंत्रालयाने म्हटलं की हा अभ्यास बरोबर नाही, ती वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासलेलं नाही. आता सामान्य माणसाने काय करायचं? एकीकडे डॉक्टर, एकीकडे सरकारचं मंत्रालय. मी तेव्हा गोंधळून सोडून दिलं होतं. आता परत शोधलं तर पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधून ४३ पेशंटचा अभ्यास आला होता, आणि त्यातही तेच दिसलं. लाखो लोक काढा प्यायले आणि त्यांना काही झालं नाही हे पण खरं, आणि काही थोड्यांच्या लिव्हरला इजा झाली हे पण खरं. दोन विश्वासू माणसं उलटसुलट बोलायला लागली की मी आता थांबते, नंतर काय आलं ते बघते, आणि तोवर ती गोष्ट रोज पोटात घालत नाही. विशेषतः आई आधीच तीन औषधं घेते तेव्हा.

हल्ली भाचा सगळं चॅटबॉटला विचारतो. आईच्या रिपोर्टचे आकडे पण त्यानेच टाकून बघितले. उत्तर छान आलं, मराठीत आलं, मी नाही म्हणणार नाही, अवघड शब्द सोपे करून घ्यायला ते फार कामाचं आहे. पण २०२५ मध्ये अमेरिकेतली एक केस वैद्यकीय जर्नलमध्ये आली, साठ वर्षांच्या एका माणसाला जेवणातलं मीठ बंद करायचं होतं, त्याने चॅटबॉटला विचारून मिठाच्या जागी सोडियम ब्रोमाइड खायला सुरुवात केली, तीन महिने खाल्लं, आणि त्याला भास व्हायला लागून हॉस्पिटलात भरती करावं लागलं. भाच्याला मी सांगितलंय, त्याला विचार खुशाल, पण हे कुठल्या पानावर लिहिलंय ते पण विचार, आणि ते पान स्वतः उघडून बघ. पान सापडलं नाही तर ते उत्तर आजीला सांगायचं नाही.

तसंच वेबसाइटवर कोपऱ्यात शिक्के असतात, त्यांच्यावर पण जाऊ नका. जिनिव्हाच्या हेल्थ ऑन द नेट नावाच्या संस्थेचा शिक्का पूर्वी आरोग्याच्या साइट्सना मिळायचा, चांगला मानायचे त्याला, पण ते काम २०२२ च्या शेवटी बंद झालं. तो शिक्का आजही कुठे चिकटलेला दिसला तर त्याचा आता काही अर्थ नाही. त्यापेक्षा तारीख बघा, लिहिणारा कोण ते बघा, आणि पान वाचून झाल्यावर तुमच्याकडे कुणी पैसे मागतंय का ते बघा. आणि व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दोन बाण असले तर तो खूप हातांतून फिरून आलाय एवढं कळतं, तो कुणी लिहिला ते कुणालाच माहीत नसतं. मावशीने पाठवला म्हणजे मावशीने लिहिला असं नाही. आपण मावशीवर विश्वास ठेवतो आणि तो विश्वास नकळत त्या मेसेजला जातो. आईचं पण तेच झालं.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी सांगायला हवी होती. काही वेळा शोधायचंच नाही. आमच्या ग्रुपवर तो मेसेज अजून दर दोन महिन्यांनी येतो, कुणाला पॅरालिसिसचा झटका आला तर सुईने बोटांची टोकं टोचा, रक्त काढा, माणूस वाचतो. कृपया असं करू नका. तोंड वाकडं झालं, हात उचलता येईना, बोलणं अडखळलं की १०८ ला फोन, किंवा मिळेल त्या गाडीत घाला आणि सीटी स्कॅन असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सुई शोधण्यात आणि मेसेज परत वाचण्यात त्यातला अर्धा तास जातो. छातीत दुखतंय, श्वास लागलाय, साप चावलाय, तिथं पण तेच, मोबाईल फक्त फोन लावायला.

आता आईचं पुढे काय झालं ते. गोळ्या आम्ही मनाने परत सुरू केल्या नाहीत, आधी डॉक्टरांकडे गेलो. पण यावेळी आईने अंगणवाडीची जुनी वही काढली आणि त्यात प्रश्न लिहून घेतले, तिच्या अक्षरात, एक दोन तीन करत. पहिला प्रश्न, गोळ्यांनी किडनी जाते का. दुसरा, माझी किडनी आज कशी आहे, आकडा सांगा. तिसरा माझा होता. मेटफॉर्मिनच्या पानावर मी वाचलं होतं की बरीच वर्षं घेतल्यावर बी-ट्वेल्व हे जीवनसत्त्व कमी होऊन पायांना मुंग्या येऊ शकतात, ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये त्याबद्दल खास सूचना पण काढली होती, आणि आईच्या तळपायाला वर्षभर मुंग्या येतात हे मला माहीत होतं. आम्ही ते शुगरमुळे म्हणून सोडून दिलं होतं. मी विचारलं, बी-ट्वेल्व तपासायचं का?

डॉक्टरांनी मान वर करून बघितलं. मला वाटलं चिडतील, गूगल करून आलात का म्हणतील. पण त्यांनी वही मागून घेतली, वाचली, आणि म्हणाले, "काकू, हे मागच्या वर्षी विचारायचं होतं." पाच मिनिटं बसून बोलले. ईजीएफआर ७४ आहे, तुमच्या वयाला ठीक आहे असं सांगितलं. चिठ्ठीवर बी-ट्वेल्व लिहिलं. रिपोर्ट आला, कमी होतं. इंजेक्शनं सुरू झाली, गोळ्या पण सुरू झाल्या, मुंग्या अजून पूर्ण गेल्या नाहीत पण रात्री झोप लागते म्हणते. फेब्रुवारीत तीन महिन्यांची शुगर ८.२ आली.

व्हिडिओने पण आईला एक खरी गोष्ट अर्धी सांगितली होती आणि मी पण औषधाचा एक खरा त्रास शोधून काढला होता. त्याने ती घेऊन आईला डॉक्टरपासून लांब नेलं, आम्ही आमची घेऊन डॉक्टरसमोर जाऊन बसलो. मला तेवढाच फरक दिसतो, पण तो फार मोठा वाटतो.

बहिणींच्या ग्रुपवर आईने तो व्हिडिओ परत आला तेव्हा काय लिहिलं ते मला मामीने स्क्रीनशॉट काढून पाठवलं. "मी पाच महिने गोळ्या बंद केल्या होत्या. शुगर १०.४ झाली. किडनीचा रिपोर्ट खाली टाकते, गोळ्या घेणाऱ्याचा आहे." आणि खाली स्वतःचा रिपोर्ट. तीस वर्षांपूर्वी वस्तीवर भावाच्या तोंडात थेंब टाकले होते अगदी तसंच. त्यानंतर दोन मावश्यांनी तिला वेगळा फोन करून सांगितलं की त्यांनी पण गोळ्या बंद केल्या होत्या, कुणाला बोलल्या नव्हत्या.

समोरच्या काकूंकडे आई अजून जाते, रिक्षातून उतरवायला. त्यांच्या मुलाला पण तिने ते छापलेलं प्रकरण दिलंय, त्याचीही शुगर आता बॉर्डरवर आलीय.

पुढच्या महिन्यात आईच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आहे, शुगरवाल्यांनी वर्षातून एकदा करायची असते ती. कालच तिने वहीचं पान फोटो काढून पाठवलं. सातवा प्रश्न लिहिलाय, "डोळ्यात थेंब टाकल्यावर दोन-तीन तास नीट दिसत नाही म्हणतात, खरं का?" आणि त्याच्या खाली छोट्या अक्षरात, "खरं असेल तर येताना सोबत कोण?"

मी रजा टाकलीय.